जसं पाणी, तसं जाळं

कोकणातल्या कोळीवाड्यात भरतीची वेळ विचारली, तर जुनं माणूस घड्याळाकडे न बघता उलट विचारतं, "आज तिथी कोणती?" तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पाणी सहाच्या सुमारास भरणार. एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. गावागणिक थोडं मागेपुढे होतं, पण होडी लोटायला हा हिशेब पुरतो. त्याच तिथीवरून पाण्याची ओढही कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला जोर असतो. अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाणी मंदावतं. कोणतं जाळं होडीत चढवायचं आणि कोणतं पडवीतच राहू द्यायचं, हे इथूनच ठरायला लागतं.

म्हणून 'मासेमारीचं सगळ्यात चांगलं साधन कोणतं' या प्रश्नाला कोळी, भोई किंवा ढिवर यांच्याकडे उत्तर नसतं. पाण्याला ओढ किती, तळ चिखलाचा की वाळूचा की खडकाळ, खोली किती, मासा थव्याने फिरतो की एकटा, त्याचं अंग चपटं की गोल, एवढं विचारून झाल्यावरच साधनाचं नाव निघतं. झाईपासून रेडीपर्यंतचा समुद्रकिनारा, त्याच्या पाठीमागच्या खाड्या आणि घाटापलीकडचे तलाव-जलाशय एकत्र पाहिले, तर महाराष्ट्रात वापरात असलेली जाळी, गळ आणि सापळे म्हणजे या प्रश्नांची वेगवेगळी उत्तरं आहेत असं दिसतं. गेल्या पन्नास-साठ वर्षांत या उत्तरांमध्ये काही नवी भर पडली. ती साधनं जागा, मासा आणि मोसम यांची फारशी पर्वा करत नाहीत, आणि किनाऱ्यावरच्या बहुतेक भांडणांचं मूळ तिथे सापडतं.

ओढीचं पाणी आणि डोल

भरती-ओहोटीतला फरक पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे सारखा नाही. खंभातच्या आखातात उधाणाच्या वेळी तो दहा मीटरच्याही वर जातो. मुंबईला तो पाच मीटरच्या आसपास असतो आणि गोव्यात जेमतेम दोन. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना पाण्याचा चढ-उतार कमी होत जातो, तशी जाळ्यांची जातही बदलत जाते.

वसई, अर्नाळा, उत्तन, वर्सोवा या पट्ट्यात आणि पुढे सौराष्ट्रातल्या जाफराबादपर्यंत डोल जाळ्याचं राज्य आहे. डोल म्हणजे शंकूच्या आकाराची मोठी पिशवी. समुद्राच्या तळात ठोकलेल्या खुंटांना किंवा नांगरांना ती बांधतात, वर पिंपांचे बोये असतात, आणि तिचं तोंड प्रवाहाच्या समोर ठेवतात. मासा शोधत फिरायचं नाही. पाणी थांबलेलं असताना जाळं मांडायचं, प्रवाह सुरू झाला की तो मासळी आत लोटत राहतो, आणि पाणी पुन्हा थांबलं की प्रवाह उलटायच्या आत जाळं उचलायचं. तोंडाशी आस मोठे, हाताचा पंजा सहज जाईल एवढे, आणि शेपटाकडे ते इतके बारीक होत जातात की जवळाही अडकतो. जाळ्याच्या छिद्राला कोळी 'आस' म्हणतात. हा शब्द पुढे वारंवार येणार आहे.

या जाळ्याचा खरा मानकरी बोंबील. बोंबलाच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. गळाला लावून ओढलं तर ते फाटतं आणि उभ्या जाळ्यात अडकलं तर चेंदामेंदा होतं. पिशवीत मात्र तो पाण्याबरोबर अलगद येतो. बोंबलाबरोबर मांदेली, करंदी, जवळा, वाकट्या येतात. याच मासळीवर उत्तन-अर्नाळ्याच्या मासळी वाळवायच्या वलांडी सजतात आणि सुकटीचा बाजार चालतो. पाण्याला ओढ नसेल तर डोल ही नुसती ओली पिशवी राहते. म्हणून भांगेच्या दिवसांत डोलवाले बहुधा किनाऱ्यावर जाळी सांधताना दिसतात, आणि हेच जाळं मालवणच्या समोर नेऊन लावलं तर त्याच्या हाती फारसं काही लागणार नाही.

डोल एका जागी रोवलेली असते, आणि तिची अडचणही तीच आहे. खुंट रोवून धरलेल्या जागेला कव म्हणतात. वसई-उत्तनकडच्या डोलवाल्यांनी उत्तरेला पालघर-डहाणूसमोर कवी मारल्या, की सातपाटीकडच्या मच्छीमारांना आपली वाहती जाळी सोडायला मोकळं पाणी उरत नाही. ती जाळी खुंटात अडकतात आणि फाटतात. कवींचा हा वाद पालघर जिल्ह्यात कित्येक वर्षं धुमसतो आहे. दोन्हीकडे पारंपरिक मच्छीमारच आहेत. एकाचं साधन स्थिर आहे, दुसऱ्याचं वाहतं आहे आणि पाणी एकच आहे.

वाळूचा किनारा आणि रापण

रत्नागिरी ओलांडून सिंधुदुर्गात आणि गोव्यात गेलं, की भरतीचा जोर ओसरतो आणि वाळूचे लांबच लांब किनारे सुरू होतात. बांगडा, तारली, पेडवे यांचे थवे पावसाळ्यानंतर किनाऱ्याच्या अगदी जवळ येतात. इथलं उत्तर म्हणजे रापण.

रापणीला तीन गोष्टी लागतात: हळूहळू खोल होत जाणारा वाळूचा तळ, खडक नसलेलं पाणी आणि भरपूर माणसं. सकाळी कुणीतरी अनुभवी रापणकर पाण्याकडे डोळे लावून बसलेला असतो. पाण्याचा रंग एका ठिकाणी काळपट दिसतो, वर पक्षी झेप घेतात, पृष्ठभागावर बारीक थरथर उठते. थवा किनाऱ्याला लागल्याची खात्री झाली, की दोरीचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं सोडत निघते, मोठं अर्धवर्तुळ घेते आणि दुसरं टोक दूरवर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात. ओढणाऱ्यांची टाच वाळूत रुतते, अंग मागे कलतं, दोरी एका लयीत येत राहते. रांगेतला शेवटचा माणूस मागे पोहोचला की दोरी सोडून पुढे पाण्याकडे धावतो आणि पहिला होऊन पुन्हा धरतो. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत येतात. जाळ्याची खालची दोरी तळाला चिकटून राहिली पाहिजे. ती एका जागी उचलली गेली, तरी तेवढ्या फटीतून थवा निसटतो. शेवटी मधली पिशवी उथळ पाण्यात येते आणि वाळूवर एकदम चांदी सांडल्यासारखं होतं.

रापणीचं जाळं बहुधा एका माणसाचं नसतं. अनेक घरांच्या जाळ्यांचे तुकडे एकत्र जोडून ते बनतं आणि मासळीची वाटणीही त्याच हिशेबाने होते. ज्याचं जाळं त्याचा वाटा, ज्याची होडी त्याचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. साधनाची रचना आणि गावाची रचना इतकी एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे साधनावर घाला आला की गावावरही येतो. १९७०च्या दशकात तळालगत जाळं ओढत नेणारे यांत्रिक ट्रॉलर आणि थव्याला वेढा घालणाऱ्या पर्ससीन बोटी किनाऱ्यालगतचे थवे पळवू लागल्या, तेव्हा गोव्यातल्या रापणकारांनी संघटना बांधली. माथानी साल्ढाणा हे त्या लढ्याचं ठळक नाव. यांत्रिक बोटींना किनाऱ्यापासून ठरावीक अंतराबाहेर ठेवा, ही त्यांची मुख्य मागणी होती. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८०मध्ये आला आणि महाराष्ट्राचा १९८१मध्ये. साधनानुसार समुद्राचे पट्टे वाटून देण्याची कल्पना तेव्हापासून कायद्यात आहे.

माशाच्या अंगाचं माप

डोल आणि रापण या पाण्याच्या नि तळाच्या हिशेबाने घडल्या. उभ्या जाळ्याची गोष्ट वेगळी आहे. ते माशाच्या अंगाच्या मापाने घडतं. वर बोये, खाली शिसं, मध्ये पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं जाळं. मासा पुढे जाताना त्याचं डोकं आसातून जातं, अंग जात नाही, आणि मागे येताना कल्ले दोऱ्यात अडकतात. बारीक मासा आरपार निघून जातो आणि फार मोठ्याचं डोकंच आत शिरत नाही. म्हणजे आसाचं माप ठरवलं की कोणत्या आकाराचा मासा घ्यायचा हेही ठरतं. तारलीसाठी तीस-पस्तीस मिलिमीटरचा आस, बांगड्यासाठी पन्नासच्या आसपास, सुरमईसाठी शंभरच्या पुढचा. पापलेट लांबीला बेताचं पण अंगाने रुंद, म्हणून त्याचं जाळंही मोठ्या आसाचं.

जाळं कोणत्या धाग्याचं, हा पुढचा प्रश्न. भारतात १९५०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जाळी सुताची नि सणाची होती. ती कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून रंगवत आणि रोज वाळवत. नायलॉन आलं आणि हा सगळा उद्योग थांबला. त्यानंतर आलेला एकपदरी, पारदर्शक नायलॉनचा धागा मराठी मच्छीमार 'तंगूस' म्हणून ओळखतो. तंगुसाचं जाळं पाण्यात दिसत नाही, त्यामुळे निवळ पाण्यात आणि दिवसाउजेडीही मासा त्यात येतो. पण ते पीळ दिलेल्या जाळ्याइतकं सोसत नाही. खडकाला घासलं की तुटतं आणि उन्हात पडून राहिलं की ठिसूळ होतं. नायलॉन पाण्यापेक्षा जड, ते बुडतं. ट्रॉल आणि डोलीला लागणारं पॉलिथिलिन पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. म्हणून नुसता धागा बदलला तरी बोये नि शिसं यांचा हिशेब नव्याने करावा लागतो.

चंद्राचाही हिशेब असतो. चांदण्या रात्री माशाला जाळं दिसतं, म्हणून वाहती जाळी सोडणारे अंधाऱ्या पंधरवड्याची वाट बघतात. पण काळोखी रात्र नेहमीच सोयीची ठरते असं नाही. समुद्रात प्रकाशणारे सूक्ष्म जीव वाढले असतील तर जाळं हलताच निळसर उजळून निघतं आणि मासा बिचकतो. तोच उजेड थव्याचा पत्ताही देतो. काळोखात बांगड्यांचा थवा वळला की पाण्याखालून फिकट ढग सरकल्यासारखा दिसतो.

गळाला काय लागतं

खडकाळ तळावर कोणतंही जाळं टिकत नाही. तिथे गळ कामाला येतो. सिंधुदुर्गात गळाला 'गरी' म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला 'गरवणं'. मुडदुशीसारखा वाळूत चोची मारणारा मासा हवा असेल तर गळ अगदी बारीक आणि आमिष किड्याचं. तांबोशीसारखा कपारीत दबा धरणारा मासा हवा असेल तर गळ जाड, दोरी जाड आणि जिवंत कोळंबीचं आमिष. गळाच्या आकड्यांची गंमत नवख्याला हमखास चकवते. साध्या आकड्यांत आकडा वाढेल तसा गळ लहान होतो. पण एकच्या पुढे मोठे गळ सुरू झाले की त्यांच्या आकड्यापुढे शून्य लागतं आणि तिथून आकड्याबरोबर गळही वाढत जातो.

हौशी लोकांनी यात नवी भर घातली आहे. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचं जुनं ठाणं आहे आणि सुट्टीच्या दिवशी रायगड-रत्नागिरीच्या खडकांवर फायबरच्या काठ्या घेतलेली माणसं दिसतात. लाटा फुटण्याच्या पलीकडे आमिष टाकायचं तर काठी दहा-बारा फुटांची लागते. खाडीत खारफुटीच्या मुळांशी नेमकं टाकायचं तर सहा-सात फुटांची पुरते. लांब काठी फांद्यांत अडकते. वीण घातलेली बारीक दोरी ताणली जात नाही, त्यामुळे माशाचा हलका स्पर्शही बोटाला कळतो, पण कालवं चिकटलेल्या खडकावर ती क्षणात कापली जाते. म्हणून टोकाला हात-दोन हात जाड तंगूस जोडतात. रायगडच्या खाड्यांतला जिताडा धरायचा असेल तर तो जोड लागतोच, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते आणि मान झटकली की साधी दोरी तोडून तो निघून जातो.

मासा धरून पुन्हा सोडून देणाऱ्यांना गळाचा आकारही निवडावा लागतो. साधा गळ माशाने गिळला की तो घशात, पोटात रुततो. टोक आत वळलेला गोल गळ बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात अडकतो आणि मासा वाचतो. मात्र हा गळ वापरताना झटका द्यायचा नसतो, दोरी नुसती ताणून धरायची असते. सवय मोडायला वेळ लागतो, आणि पहिले काही मासे झटक्यापायी हातचे जातात.

खाडी, शेत आणि तलाव

समुद्रातून आत खाडीत शिरलं की साधनं लहान होतात आणि एकट्यादुकट्याने चालवता येतात. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून गोल पाग फेकणारा माणूस प्रत्येक खाडीत दिसतो. पागेला गढूळ, उथळ पाणी आणि मोकळा तळ लागतो. तळाशी एक फांदी असली तरी तिची कड उचलली जाते आणि बोय मासे उडी मारून बाहेर पडतात. चिंबोऱ्यांमागे मात्र जाळं घेऊन धावून उपयोग नाही. त्यांना बोलवावं लागतं. रिंगणाला ताणलेल्या जाळीत माशाचं डोकं बांधून फग पाण्यात सोडतात, थोड्या वेळाने हळूच वर घेतात, आणि खाण्यात गुंतलेली चिंबोरी त्यावर बसून येते.

पहिल्या जोरदार पावसात ठाणे-रायगडमध्ये वळगण होते. ओढ्यांचं पाणी शेतात शिरतं आणि अंडी घालायला मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. घाटमाथ्यावर त्यांना चढणीचे मासे म्हणतात. अशा वेळी बांधाच्या तोंडाशी बांबूचा सापळा लावतात. सापळ्यात आत जायची वाट निमुळती असते आणि बांबूच्या काड्या आतल्या बाजूला वळवलेल्या असतात, म्हणून मासा शिरतो पण परतत नाही. महत्त्वाची गोष्ट म्हणजे सापळ्याचं तोंड कुठे ठेवायचं. मासे चढत असताना ते उताराकडे, आणि पाऊस ओसरून मासे परत निघाले की चढाकडे. साधन तेच, फक्त फिरवून लावायचं. चढणीचे मासे अंड्याने भरलेले असतात. ओढा सगळा अडवून धरला तर पुढच्या वर्षीचं बीजच खाल्लं जातं. पूर्वी ओढ्यात एक बाजू मोकळी ठेवण्याची रीत पुष्कळ गावांत होती. ती आता सगळीकडे पाळली जात नाही.

पूर्व विदर्भात चित्र पुन्हा बदलतं. भंडारा-गोंदियाचे माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे 'मामा तलाव' म्हणतात, उथळ आहेत आणि त्यांत पाणवनस्पती दाट. ओढायचं जाळं तिथे दोन हातांत गुंतून बसतं. ढिवर समाजाचे लोक म्हणून सापळे, गळ आणि वनस्पतींच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात उभी जाळी वापरतात. बेशरमीची झुडपं तलावात पसरली की ते पट्टेही बुजतात आणि साधन असून धंदा बंद पडतो.

उजनी हे याचं दुसरं टोक. भीमेवरचा हा जलाशय अफाट, खोल आणि मोकळा. इथे बोटी, मोठी जाळी सगळं चालतं, आणि तिथेच 'वडाप' नावाचं बारीक आसाचं जाळं बदनाम झालं. त्यात बोटाएवढी पिल्लंही येतात. मोठ्या आसाची जाळी वापरणाऱ्यांची तक्रार सरळ आहे: ते मासा वाढायची वाट बघतात, तोवर वडापवाला त्याला काढून नेतो. विष आणि सुरुंगाची कथाही अशीच. पाण्यात स्फोटकं वा विष टाकून मासे मारायला भारतात १८९७च्या मत्स्योद्योग कायद्यापासून बंदी आहे, तरी आडबाजूच्या डोहांत तो प्रकार अजून घडतो.

फासे आणि वाघुरी

जमिनीवरच्या शिकारीलाही साधन निवडण्याचं असंच शास्त्र होतं, पण महाराष्ट्रात ते आता इतिहासात जमा झालं आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. फासेपारधी या नावातच फासे आहेत. तित्तर-लाव्यांसाठी बारीक फाशांच्या माळा गवतातल्या वाटेवर अंथरायच्या, हरणासाठी जाड दोरीचे फास, सशासाठी झुडपांच्या रांगेत ताणलेली वाघूर. पायवाट, वाऱ्याची दिशा, जनावराच्या पावलाची उंची यांवर फाशाचा व्यास आणि जमिनीपासूनचं अंतर ठरत असे. ब्रिटिश राजवटीने १८७१च्या कायद्याने अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२मध्ये पुसला गेला तरी पारध्यांच्या वाट्याला आलेला संशय पुसला गेला नाही. शिकार थांबली ते योग्यच झालं. पण जमीन-रान वाचण्याची ती नजर पुढे कुठल्या कामाला लावायची, याची सोय कुणी केली नाही.

कुठेही चालणारी साधनं

आतापर्यंतचं प्रत्येक साधन कशावर तरी अडतं. डोलीला ओढ लागते, रापणीला वाळू, वाहत्या जाळ्याला काळोख, पागेला उथळ पाणी. ट्रॉलला हे अडसर फारसे नाहीत. बोट जाळं ओढत नेते, दोन्ही बाजूंच्या जड फळ्या जाळ्याचं तोंड उघडं ठेवतात आणि तळालगत जे असेल ते आत जातं. कोळंबीला परदेशात भाव आला तसं १९६०च्या दशकापासून हे तंत्र किनाऱ्यावर पसरलं. कोळंबीबरोबर तळावरचं सगळंच वर येतं: पिल्लं, खेकडे, शंख. पर्ससीनचं लक्ष्य थवे. थव्याभोवती जाळ्याची भिंत घालायची आणि खालच्या कड्यांतून ओवलेली दोरी आवळली की बटव्यासारखं जाळ्याचं तोंड बंद. रापणीसारखंच हे, पण इथे किनाऱ्याची गरज नाही, माणसांच्या रांगेची गरज नाही, आणि थवा काठाला येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. त्यावर एलईडीचे प्रखर दिवे आले आणि काळोखाचा, थव्याचा शोधही संपला. मासा स्वतःहून उजेडाकडे येतो.

सरकारने पाठोपाठ नियम आणले. महाराष्ट्राने ५ फेब्रुवारी २०१६च्या आदेशाने पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांपुरती आणि ठरावीक क्षेत्रापुरती मर्यादित केली. एलईडी मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७मध्ये बंदी घातली. २०२१मध्ये राज्याचा कायदा दुरुस्त झाला आणि एलईडीसाठी पाच ते वीस लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. तरीही रात्री मालवणच्या किनाऱ्यावरून समोर उजेडाची रांग दिसल्याची तक्रार पारंपरिक मच्छीमार करतात. दुसऱ्या बाजूचंही एक गणित आहे. पर्ससीन बोटीवर वीस-पंचवीस खलाशी असतात, डोक्यावर बँकेचं कर्ज असतं आणि चार महिन्यांत वर्षाचा खर्च भरून काढायचा असतो. बोट महाग, म्हणून जाळं मोठं, म्हणून मासा जास्त लागतो. साधन एकदा घेतलं की मग ते आपल्या मालकालाच राबवतं.

काही दुरुस्त्या मात्र साधनातच करता येतात. ट्रॉलच्या शेपटाचे आस चौकोनी ठेवायचे, ही त्यातली सर्वांत साधी. नेहमीचा शंकरपाळ्याच्या आकाराचा आस जाळ्यावर वजन आलं की लांबट होऊन मिटतो, मग माप कितीही असो, पिल्लं निसटत नाहीत. चौकोनी आस ताणाखालीही उघडा राहतो. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने कासवांना बाहेर पडायला वाट ठेवणारी जाळीही तयार केली. ट्रॉलच्या नळीत तिरकी सळ्यांची चौकट बसवतात. कोळंबी सळ्यांमधून मागे जाते आणि कासव वरच्या फटीतून बाहेर पडतं. कासव वाचवण्याची अशी सोय नाही म्हणून अमेरिकेने भारताच्या समुद्रातल्या कोळंबीला दार बंद केलं, तेव्हा या चौकटीची चर्चा बंदरांत पोहोचली.

जाळं बदलता येत नसेल तर कापायचं, असाही मार्ग आहे. डिसेंबर २०१८पासून महाराष्ट्रात जाळ्यात अडकलेलं कासव, व्हेल शार्क किंवा दुसरा संरक्षित जीव जाळं कापून सोडून दिला, तर मच्छीमाराला जास्तीत जास्त २५ हजार रुपयांची भरपाई मिळते. सोडल्याचं चित्रण दाखवावं लागतं. त्यामुळे होडीवर चाकूच्या जोडीला मोबाइलही कामाचा झाला.

पट्टीवरचा आस

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. निवड प्रत्यक्षात याच काळात होते, आणि ती पाण्यावर नाही, दुकानात आणि अंगणात होते. जाळं आता यंत्रावर विणलेलं, गाठोड्याने मिळतं. गिऱ्हाईक आसात बोटं घालून बघतं, धागा दातांत धरून ओढतं, भाव करतं. सप्टेंबरमध्ये कोणत्या आकाराचं पापलेट घरी येणार, हे त्या दोन बोटांत जुलैमध्येच ठरलेलं असतं. ४ सप्टेंबर २०२३ रोजी सिल्व्हर पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान माप ठरवलं. पापलेटाचं १३५ मिलिमीटर. सातपाटीतले जुने मच्छीमार म्हणतात की माप ठरलं ते बरं, पण बारीक आसाचं जाळं दुकानात मिळतं तोवर कुणी ना कुणी ते घेणार.

विकत आणलेलं जाळं लगेच पाण्यात जात नाही. ते दोरीवर चढवावं लागतं, आणि इथे अजून यंत्र पोहोचलेलं नाही. साधारण दोन हात जाळं एक हात दोरीत बसवायचं, असा हिशेब. जास्त ताणलं तर आस मिटतात आणि मासा आदळून मागे फिरतो, फार सैल सोडलं तर मासा गुंडाळला जातो आणि सोडवताना त्याचं अंग खराब होतं. पडवीत बसलेला माणूस पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवतो, लाकडी पट्टीवर ठरावीक आस मोजून घेतो, सुईने गाठ मारतो, बोया ओवतो आणि पुढे सरकतो. बाहेर पाऊस कोसळत असतो. घरातली पोरं जाळ्याच्या पसाऱ्यात अडखळतात आणि ओरडा खातात. नारळी पौर्णिमेच्या आत एवढी सगळी दोरी भरून व्हायची असते, आणि अजून निम्मं जाळं कोपऱ्यात गाठोड्यातच बांधलेलं असतं.